अकराचं खाणं

गेल्या जुलैत एका शनिवारी रात्री साडेअकराला मित्राचा फोन आला. आम्ही एकाच टीममध्ये आहोत. इतक्या रात्री त्याचा फोन म्हणजे सर्व्हर पडला असणार, म्हणून मी बोलता बोलताच लॅपटॉप उघडला. तर तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून बोलत होता. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला चार दिवसांपूर्वी टाइप वन डायबेटिस निघाला होता. आता ती धोक्याबाहेर होती आणि उद्या घरी सोडणार होते. डॉक्टरांनी, आहारतज्ज्ञ बाईंनी, नर्सनं सगळं समजावून सांगितलं होतं. हातात छापील कागदांची फाइल होती. एवढं सगळं सांगून झाल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "सोमवारी शाळा आहे रे. डब्यात काय देऊ?"

हे त्यानं मला विचारलं कारण मलाही हाच आजार आहे. २००४ साली मी सात वर्षांचा होतो, साताऱ्याला राहत होतो, तेव्हापासून. ऑफिसात फार कुणाला माहीत नाही, त्याला आहे. मी त्याला आजच्या पाठ्यपुस्तकातलं उत्तर देऊन टाकलं : घरात जे बनतं तेच दे, त्यातले कार्ब्स मोज, त्याप्रमाणे इन्सुलिन दे. फोन ठेवला आणि मग झोप येईना. कारण हे उत्तर मी सात वर्षांचा असताना माझ्या आईला कुणी दिलं नव्हतं. तिला जे उत्तर मिळालं होतं ते वेगळं होतं, आणि तिच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षं आधीच्या आईला मिळालेलं तर विचारूच नका. 'डब्यात काय देऊ' या प्रश्नाला इतिहास आहे. पुढचे काही आठवडे मी तोच वाचत बसलो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण लग्नकार्यात भेटणाऱ्या निम्म्या काका-मावश्या आजही आईला विचारतात, "लहानपणी चॉकलेटं फार खायचा का?" नाही. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. खाण्याचा दोष नाही, आईबापांचा नाही, मुलाचा तर नाहीच. इन्सुलिन नसेल तर खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात नुसती फिरत राहते, पेशींना मिळत नाही. शरीर मग स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत सुटतं. भरल्या ताटावर उपासमार, असा हा आजार आहे.

दोन प्रकार आहेत हे आपल्याकडे फार पूर्वी लक्षात आलं होतं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद सांगितलेत : एक सहज, म्हणजे जन्मजात, ज्यातला रोगी कृश असतो, आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला, ज्यातला रोगी स्थूल असतो. लघवीला मुंग्या लागतात, हेही प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवलंय. निरीक्षण अचूक होतं, उपाय मात्र कुणाकडेच नव्हता. पुढची अनेक शतकं जगभरात उपाय म्हणून जे काही झालं ते सगळं ताटातच झालं, कारण हात घालायला दुसरी जागाच नव्हती.

१७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं कॅप्टन मेरेडिथ नावाच्या रुग्णाला जवळजवळ पूर्ण मांसाहारावर ठेवलं, त्यात खवट चरबीही होती. साखर उतरली. पॅरिसचा बुशार्दा १८७०-७१ च्या वेढ्यात आपले रुग्ण पाहत होता. शहरात खायला मिळेना आणि याच्या मधुमेही रुग्णांची लघवी सुधारायला लागली. त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला : कमी खा. इटलीत कांतानीनं रुग्णांना खोलीत कोंडून ठेवलं, चोरून खाऊ नये म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॉन नूर्डेननं ओट्सचा उपचार काढला. (आज सुपरमार्केटात 'डायबेटिक फ्रेंडली' लिहिलेला ओट्सचा डबा दिसला की मला हा माणूस आठवतो.) मोठ्या वयाच्या, स्थूल रुग्णांना यातल्या काही गोष्टींचा खरंच फायदा व्हायचा. लहान मुलांना नाही. मूल एकदोन वर्षांत जायचं, बऱ्याचदा त्याच्याही आत.

मग आला फ्रेडरिक अ‍ॅलन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९१४ पासून त्यानं जे चालवलं त्याला थेट 'उपासमार उपचार' असंच नाव पडलं. रुग्णाला लघवीतली साखर शून्य होईपर्यंत उपाशी ठेवायचं. मग थोडं थोडं अन्न वाढवत जायचं, आणि साखर पुन्हा दिसली की मागं यायचं. कोबी-पालकासारख्या भाज्यासुद्धा तीन-तीनदा उकळून, प्रत्येक वेळचं पाणी फेकून द्यायच्या, म्हणजे उरलीसुरली साखरही निघून जाईल. बॉस्टनच्या इलियट जॉस्लिननं हीच पद्धत उचलली.

अ‍ॅलनला खलनायक करणं फार सोपं आहे, आणि पहिल्यांदा वाचताना मी केलंही. पण त्यानं कधी बरं करण्याचं आश्वासन दिलं नव्हतं. तो दिवस विकत घेत होता, आणि किंमत भुकेत मोजत होता. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमचा मुख्य भाग जळालाय, बदली भाग अस्तित्वातच नाही, मग लोड इतका कमी करा की सिस्टिम कशीबशी चालू राहील. आणि नंतर दिसलं की काही मुलं त्या भुकेमुळेच १९२२ पर्यंत पोचली.

त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे एलिझाबेथ ह्यूज. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज १९१६ ची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक थोडक्यात हरलेले, पुढे परराष्ट्रमंत्री झालेले. १९१९ मध्ये तिला मधुमेह निघाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती, वजन ३४ किलो. अ‍ॅलननं तिला आधी पूर्ण उपाशी ठेवलं, मग कित्येक आठवडे दिवसाला ४०० ते ६०० कॅलरींवर. पुढं थोडं वाढवलं, पण आठवड्यातला एक दिवस पूर्ण लंघन ठरलेलं. प्रत्येक घास ग्रॅममध्ये तोलून देणारी नर्स कायम सोबत. वाढदिवसाला केक म्हणून टोपीचा रिकामा खोका गुलाबी-पांढऱ्या कागदात गुंडाळून त्यावर मेणबत्त्या लावल्या होत्या. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरोंटोला पोचली तेव्हा तिला पंधरावं वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस होते आणि वजन होतं सुमारे २० किलो.

पण वाचताना मी ज्याच्यापाशी अडकलो तो एलिझाबेथ नव्हे. अ‍ॅलनच्याच वॉर्डात बारा वर्षांचा एक मुलगा होता, मधुमेहानं दृष्टी गेलेला. खोलीत बंद, देखरेखीखाली, आहार मोजून, तरी त्याच्या लघवीत साखर येत राहायची. कुठून येते कळेना. पुष्कळ दिवस तो 'मी काही खाल्लं नाही' असंच सांगत राहिला. शेवटी कबूल केलं. तो टूथपेस्ट खात होता. आणि पक्ष्याचे दाणे. करमणूक म्हणून त्यानं पिंजऱ्यातली कॅनरी मागून घेतली होती, तिच्या वाटीतले. तो मुलगा पुढं वाचला नाही.

आमच्या घरी एक वही होती. दोनशे पानी, चौकटीच्या कागदाची. त्यात आई रोज लिहायची : वेळ, साखर किती, इन्सुलिन किती, काय खाल्लं. साडेसात – १८२ – दोन्ही मिळून १४ – पोहे एक वाटी, दूध. अशा पंधरा-सोळा वह्या अजून माळ्यावर आहेत. २००५ च्या गणपतीतल्या एका रात्रीच्या नोंदीत ३८६ असा आकडा आहे आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह. तो आकडा मी घडवला होता. नैवेद्याच्या ताटातले दोन मोदक खाऊन. आईनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, अगदी शपथ घेऊन. तेव्हा आमच्याकडे तासन्‌तास लोडशेडिंग असायचं. आईला वाटलं, फ्रिज बंद राहिल्यानं इन्सुलिन खराब झालं. तिनं नवीकोरी बाटली टाकून दिली. बाबा सायकलवरून दुसरी आणायला गेले, ते मी गॅलरीतून पाहिलं आणि तरीही काही बोललो नाही. पुढची कितीतरी वर्षं नाही. टूथपेस्टवाल्या मुलाबद्दल वाचेपर्यंत हे मी जवळपास विसरूनही गेलो होतो.

*

११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोच्या जनरल हॉस्पिटलात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते अर्क फारसं शुद्ध नव्हतं, फायदा नगण्य झाला, सुई टोचली तिथं गळू मात्र झालं. बारा दिवसांनी, २३ तारखेला, कोलिपनं शुद्ध केलेलं अर्क दिलं आणि साखर खाली आली. बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड, कोलिप यांची गोष्ट सगळीकडे सापडते, म्हणून मी ती सोडून देतो. मला रस आहे त्याच्या दुसऱ्या दिवसात. औषध मिळालं. आता मुलाला जेवायला काय वाढायचं?

एलिझाबेथच्या बाबतीत बँटिंगनं सरळ ताट भरलं. दोनेक आठवड्यांत ती २२०० कॅलरींच्या पुढं गेली. घरी आईला पाठवलेल्या तिच्या पत्रांत खाण्याचीच वर्णनं आहेत. ती १९८१ पर्यंत जगली, लग्न केलं, तीन मुलं झाली, चाळीस हजारांहून जास्त इंजेक्शनं घेतली. आणि हा आजार तिनं जवळजवळ आयुष्यभर लपवला. याचं मला नवल वाटत नाही.

पण सगळ्यांकडे बँटिंग नव्हता. इन्सुलिनचं गणित असं की जास्त झालं तर साखर इतकी खाली जाते की मूल थरथरतं, घामाघूम होतं, बेशुद्ध पडतं. म्हणजे किती अन्नाला किती इन्सुलिन, हे कळायला आधी अन्नात काय आहे ते कळलं पाहिजे. आणि १९२३ मध्ये ते कुणालाच नीट माहीत नव्हतं.

इथं रॉबिन लॉरेन्स येतो, माझा आवडता माणूस. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलातला तरुण सर्जन. सरावासाठी प्रेताच्या कवटीवर काम करताना हाडाचा तुकडा डोळ्यात उडाला, संसर्ग झाला, आणि तपासण्यांत मधुमेह निघाला. आपण आता जाणार, घरच्यांसमोर नको, म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन डॉक्टरकी करत राहिला. १९२३ च्या वसंतात लंडनहून सहकारी हॅरिसनची तार आली : इन्सुलिन मिळालंय, चालतंय, लवकर ये. अर्धमेल्या अवस्थेत गाडी हाकत तो युरोप ओलांडून परत आला आणि ३१ मे ला त्याला पहिलं इंजेक्शन मिळालं.

बरा झाल्यावर त्यानं जे केलं ते मला एखाद्या चांगल्या यूआय डिझाइनसारखं वाटतं. रुग्णांना कॅलऱ्या आणि रासायनिक कोष्टकं समजेनात, म्हणून १९२५ च्या सुमारास त्यानं 'लाइन रेशन' काढलं. काळा भाग म्हणजे १० ग्रॅम कर्बोदकं. लाल भाग म्हणजे साडेसात ग्रॅम प्रथिनं आणि नऊ ग्रॅम चरबी. एक काळा आणि एक लाल मिळून एक ओळ. डॉक्टर फक्त दिवसाला किती ओळी ते सांगणार. काळ्या यादीतून पाव घ्यायचा की बटाटा की सफरचंद, ते तुम्ही ठरवा. भुकेच्या उपचारानंतर मधुमेही माणसाला पहिल्यांदा निवड मिळाली.

पण यादीतले आकडे आणायचे कुठून? लॉरेन्सनं त्याच हॉस्पिटलातल्या मकॅन्स नावाच्या तरुण संशोधकाला कामाला लावलं : फळं-भाज्या कच्च्या आणि शिजवलेल्या, दोन्ही तपास, त्यातली किती कर्बोदकं खरोखर अंगी लागतात ते सांग. १९२९ मध्ये दोघांचा अहवाल निघाला. पुढं १९३३ च्या सुमारास एल्सी विडोसन ही तरुण रसायनतज्ज्ञ हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक शिकायला आली होती. तिथं मकॅन्स मांसाचे तुकडे घेऊन आत-बाहेर करताना तिला दिसला. ओळख झाली, तिनं त्याचा फळांचा अहवाल वाचला आणि त्याला तोंडावर सांगितलं की तुमचे आकडे चुकलेत, तुमच्या पद्धतीत फळांतली काही साखर नष्ट होते. मकॅन्सनं रागावण्याऐवजी तिच्यासाठी अनुदान मिळवलं आणि सगळं पुन्हा मोजायला बसवलं. (आमच्या टीममध्ये कोड रिव्ह्यूला असं कुणी वागलेलं मी पाहिलेलं नाही, मी स्वतः धरून.) दोघांनी पुढं सुमारे साठ वर्षं एकत्र काम केलं. १९४० साली आलेली त्यांची अन्नघटकांची कोष्टकं ब्रिटनमध्ये अजून नव्या आवृत्त्यांमधून चालू आहेत.

आपल्याकडचा धागा निलगिरीतल्या कुन्नूरला जातो. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९१८ साली एका खोलीत सुरू झालेली संशोधन शाखा, मॅक्‌कॅरिसनची. त्याच्यानंतर आलेल्या एक्रॉइडनं १९३७ मध्ये 'आरोग्य पत्रक क्रमांक २३' काढलं, भारतीय पदार्थांच्या पोषणमूल्यांचं. ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा, तांदूळ यांचे आकडे. त्याचा हेतू मधुमेह नव्हता. तुरुंगात, वसतिगृहांत, गरीब घरांत माणसं कशी जगवायची हा होता. पुढं ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९७१ मध्ये गोपालन आणि सहकाऱ्यांचं पुस्तक आलं. २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ खाद्यपदार्थांची नवी कोष्टकं आली. माझ्या आईला डॉक्टरांनी दिलेल्या झेरॉक्स कागदावरचे आकडे याच वंशातले असणार.

फक्त एक गोम आहे. ही कोष्टकं कच्च्या मालाची. ज्वारीचं पीठ शंभर ग्रॅम, तूरडाळ शंभर ग्रॅम. थालीपीठ त्यात नाही. आमटी नाही. तुमच्या घरची भाकरी माझ्या घरच्या भाकरीपेक्षा केवढी मोठी, ते हैदराबादला कसं कळणार? लॉरेन्सच्या देशात पाव कारखान्यातून एकाच जाडीचा येत होता. आपल्याकडे पोळीचा आकार पोळी लाटणाऱ्याच्या मूडवर असतो. आईनं यावर काढलेला तोडगा म्हणजे एक स्टीलची वाटी. तिच्या आतून लाल नेलपॉलिशनं तिनं दोन रेघा मारल्या होत्या, खालची भाताची आणि वरची वरणाची. कणीक ती वजनकाट्यावर तोलून गोळे करायची. माझ्या पोळ्या घरात सगळ्यांत गोल आणि सगळ्यांत एकसारख्या असायच्या.

*

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते अकराचं खाणं.

सुरुवातीचं इन्सुलिन काही तासांतच संपायचं, म्हणून दिवसातून अनेकदा टोचावं लागे. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊ शहरात कार्ल स्टोल्टे नावाचा बालरोगतज्ज्ञ होता. १९२०-३० च्या दशकांच्या सांध्यावर त्यानं एक साधी गोष्ट केली : मुलांना घरातली इतर माणसं जेवतात तेच जेवू द्यायचं आणि प्रत्येक जेवणाआधी, लघवीतली साखर बघून, इन्सुलिनचं प्रमाण ठरवायचं. अन्नाच्या मागं इन्सुलिननं जायचं. म्हणजे आज माझ्या मित्राला सांगतात तेच. त्याला कडाडून विरोध झाला. मोठमोठ्या डॉक्टरांना हा बेशिस्तपणा वाटला. मधुमेही माणसानं नियमात राहायला हवं, हा उपासमारीच्या काळातला विश्वास औषध आल्यावरही हटला नव्हता. स्टोल्टेला लोक विसरले.

विसरायला एक मासाही कारणीभूत होता. डेन्मार्कमध्ये हागेडोर्ननं १९३० च्या दशकात शोधलं की ट्राउट माशाच्या शुक्रजंतूंतलं प्रोटामिन हे प्रथिन इन्सुलिनमध्ये मिसळलं की ते कातडीखालून हळूहळू शोषलं जातं. १९४६ मध्ये त्याचं सुधारित रूप आलं, एनपीएच. पांढरट, दुधासारखं दिसणारं. टोचण्याआधी बाटली तळहातांत हलकेच फिरवावी लागते. आता दिवसातून एकदोन सुया पुरणार होत्या. रोज पोराला टोचणाऱ्या आईला हे वरदानच वाटलं असणार.

पण एकदा टोचलेलं एनपीएच परत काढता येत नाही. ते आपल्या वेळेनं चार तासांनी चढायला लागतं आणि मग बराच वेळ चढलेलंच असतं, तुम्ही गणिताच्या तासाला असा की कबड्डीच्या मैदानात. त्या चढाला काहीतरी खायला घालावंच लागतं, नाहीतर साखर कोसळते. म्हणून तीन जेवणं आणि तीन मधली खाणी. सकाळी अकरा, दुपारी चार, झोपताना. भूक असो नसो. गणित उलटं झालं : इन्सुलिनच्या मागं अन्नानं धावायचं. अमेरिकेत १९५० मध्ये आलेल्या 'एक्स्चेंज' याद्या याच घड्याळाला जोडल्या गेल्या, एक पाव म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं. ब्रिटनमध्ये एकक १० ग्रॅमचं, जर्मनीत १२ चं. (तारखांच्या फॉरमॅटवर डोकं फोडणाऱ्या कुणालाही याचं आश्चर्य वाटू नये.) मधुमेही मुलाच्या खाण्याचा तक्ता म्हणून जे पुढची पन्नास वर्षं जगभरच्या दवाखान्यांतून वाटलं गेलं, ते मुलाच्या पोटानं नव्हे, त्या बाटलीनं आखलेलं होतं.

हे वाचेपर्यंत मला माहीतच नव्हतं की माझं बालपण ट्राउट माशाच्या वेळापत्रकावर गेलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

साडेसातला आई दोन बाटल्यांमधून एका सिरिंजमध्ये इन्सुलिन ओढायची, लाल टोपणाची चाळीस युनिटवाली सिरिंज. आधी स्वच्छ पाण्यासारखं, मग दुधाळ. आठला नाश्ता. आणि अकराला खाणं. शाळेची मधली सुट्टी होती बारा वाजता. त्या एका तासाच्या फरकानं माझी प्राथमिक शाळा व्यापून टाकली. आईनं मुख्याध्यापकांना पत्र दिलं होतं, ते कुठल्या फायलीत गेलं कोण जाणे. तिसरीत नव्या आलेल्या बाईंनी मला वर्गात अकरा वाजता डबा उघडताना पकडलं, उभं केलं आणि विचारलं, "तू काय वेगळा आहेस का?" मला 'हो' म्हणता आलं नाही. मी डबा बंद केला. साडेअकराला फळ्यावरची अक्षरं हलायला लागली, हात कापायला लागले, पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की शिपाईमामांनी तोंडात साखर कोंबली आणि सगळा वर्ग कोंडाळं करून बघत होता. बाई रडत होत्या. त्यांचा राग मी पुष्कळ वर्षं केला. आता वाटतं, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आईनं डब्याऐवजी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात राजगिऱ्याचा लाडू ठेवायला सुरुवात केली. डबा उघडायला आवाज होतो, लाडवाला होत नाही.

*

उलटं झालेलं गणित पुन्हा सुलट व्हायला बराच काळ गेला. घरी बोटातून रक्त काढून साखर मोजता यायला लागली सत्तरच्या दशकाच्या शेवटी. १९८० च्या दशकात ड्युसेलडॉर्फला मिखाएल बर्गर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांनाच डोस ठरवायला शिकवणारा अभ्यासक्रम उभा केला आणि स्टोल्टेचं नाव पुन्हा निघालं. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ रुग्णांच्या दीर्घ चाचणीचे निकाल आले : साखर काटेकोर ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात. १९९६ मध्ये जेवणाच्या तोंडावर घेता येणारं झटपट इन्सुलिन आलं, २००० मध्ये दिवसभर सपाट चालणारं. ड्युसेलडॉर्फचाच अभ्यासक्रम ब्रिटनमध्ये करून पाहिला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. त्याच्या नावातच 'नॉर्मल ईटिंग' आहे. नॉर्मल खाणं. स्टोल्टेनंतर सत्तर वर्षांनी.

माझ्यापर्यंत ते २०१२ मध्ये पोचलं, मी दहावीत असताना. पुण्याच्या डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं आणि म्हणाले, आता अकराला खायची गरज नाही, भूक लागली तर खा. बाहेर आल्यावर मी आनंदानं नाचायचा बाकी होतो. आई गप्प होती. पुढं वर्षभर माझ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात राजगिऱ्याचा लाडू सापडत राहिला. मी तो मित्रांना वाटून टाकायचो. वही मात्र तिनं त्या महिन्यात थांबवली. शेवटच्या वहीत चाळीसेक पानं कोरी आहेत.

मोदकांची गोष्ट मी तिला या सगळ्या वाचनानंतर सांगितली, फोनवर. ती म्हणाली, "माहीत होतं. एकवीस केले होते, सकाळी मोजले तर एकोणीस."

"मग बोलली का नाहीस?"

"बाटली तर रात्रीच टाकली होती. बोलून परत आली असती का?"

सोमवारी सकाळी मित्राच्या बायकोनं डब्यात थालीपीठ आणि दही दिलं. थालीपीठ आधी कच्च्या पिठात तोललं, ग्रुपवर फोटो टाकला, आम्ही तिघांनी मिळून कार्ब्सचा हिशेब केला. त्याच्या मुलीच्या दंडावर आता सेन्सर आहे, दर पाच मिनिटांनी आकडा बापाच्या फोनवर येतो, आणि शाळेत आधीच भेटून आल्यामुळे बाईंच्या कपाटात ग्लुकोजची पुडी आहे. अ‍ॅलननं काय दिलं नसतं असल्या सेन्सरसाठी! साडेदहाला शाळेतल्या मावशींनी डोस दिला, मोजल्याप्रमाणे, बरोबर.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मीटिंग चालू असताना त्यानं टेबलाखालून फोन माझ्याकडे सरकवला. बाईंनी डब्याचा फोटो पाठवला होता. दही संपलेलं, थालीपीठ अर्धं तसंच. खाली लिहिलं होतं, 'नको म्हणतेय. मैत्रिणीची द्राक्षं खायची आहेत.'

इन्सुलिन आत गेलेलं होतं. अर्धं थालीपीठ म्हणजे किती, ते आम्हाला माहीत होतं. एका द्राक्षात किती, ते मी फोनवर शोधायला लागलो, आणि मग म्हटलं, मोठं द्राक्ष की लहान? त्यानं बाईंना विचारलं. उत्तर आलं, 'काळी. लांबट. बारा-पंधरा असतील.'

"खाऊ दे," मी म्हणालो. आम्ही दोघं मीटिंगमधून उठून बाहेर आलो आणि जिन्यात उभे राहून त्याच्या स्क्रीनवरचा बाण बघत राहिलो. १४१, सपाट. १३४. १२८. मग १३१.